बोटांवर उमटणारा सौदा

माझ्या साडूला एका यंत्रवाल्यानं फसवलं आणि माझ्या साडूनं मला फसवलं. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. साडूला मी माफ केलं आहे, यंत्रवाल्याला केलेलं नाही. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मी पायांखाली घातले आहेत, आधी दुसऱ्यांची मेंढरं हाकत आणि नंतर स्वतःच्या टेम्पोतून, पण माझ्या साडूइतका फसवायला सोपा माणूस मला दुसरा भेटलेला नाही. मेंढरांच्या व्यापारात मी एका काठीच्या जोरावर उभा राहिलो. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत तो किती खोटं बोलणार आहे हे मला कळतं, आणि कळलं की माझं डोकं तापतं, हेही बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. अशा माणसाच्या वाट्याला साडू आला तो असा, की दुसऱ्याचं खोटं त्याला ओळखू येत नाही आणि स्वतःला तर बोलताच येत नाही. आम्ही दोघांनी दोन सख्ख्या बहिणी केल्या. थोरली, म्हणजे आक्का, त्याच्या घरी गेली आणि धाकटी माझ्या. तो वयानं मोठा म्हणून तोंडावर मी त्याला 'पावनं' म्हणतो, अहोजाहो करतो. इथं मात्र 'तो'च लिहिणार, कारण राग आलेला असताना अहोजाहो लिहायला हात वळत नाही.

त्याचं घर कवठे महांकाळकडच्या कोरड्या रानात. पाऊसकाळ सरला, रानातलं गवत संपलं, की तो आणि आक्का मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचे. इस्लामपूरच्या उसाच्या पट्ट्यातून शेतं बदलत बदलत कधी कधी पार पाटणच्या डोंगरापर्यंत. बागायतदार लोक खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायला त्याच्या पाया पडायचे, कारण त्याचा कळप बांध मोडायचा नाही आणि दुसऱ्याच्या उसाला तोंड लावायचा नाही. मेंढरांना त्यानं कधी शिवी दिली नाही. माणसांशी दोन शब्द बोलायचा आणि मेंढरांशी दोन तास. कळपात एक म्हातारी मेंढी पुढं चालायची, तिचं नाव त्यानं 'मावशी' ठेवलं होतं. आमच्या सासरच्या एका मावशीचा आणि त्या मेंढीचा चेहरा इतका सारखा होता की दोघींपैकी कुणाला राग यावा हे ठरत नव्हतं. एकदा इस्लामपूरच्या बाजूला एका फौजेतून निवृत्त झालेल्या बागायतदारानं मेंढरं बसवायची जागा दाखवली. मावशी त्या रानात शिरली, वास घेतला आणि उभीच राहिली. साडूनं लगेच कळप वळवला. "मावशीला जागा पसंत न्हाई," तो म्हणाला. फौजी तडकला. "आरं, आमी फौजेत सायबाचं ऐकत न्हवतो, आन आता मेंढीचा हुकूम पाळू व्हय?" साडू शांतपणे म्हणाला, "तुमी नका पाळू. मला पाळावा लागतो." मग मावशीनं पसंत केलेल्या पलीकडच्या तुकड्यात मेंढरं बसली आणि फौजी दिवसभर तिच्याकडं सलाम ठोकावा की काठी हाणावी अशा तोंडानं बघत राहिला.

या माणसाच्या अंगावर पित्त उठायचं. आमच्याकडं त्याला पित्तच म्हणतात, आणि सगळं पाणी मुरतं ते या एका शब्दात. पोटात जळजळ झाली तरी पित्त, डोकं दुखून ओकारी झाली तरी पित्त आणि अंगावर लाल, खाजऱ्या गांध्या उठल्या तरी पित्तच. शब्द एकच, म्हणून आम्ही सगळे धरून चाललो की रोगही एकच, आणि त्याच्या अंगावरच्या रोगाचं औषध वर्षानुवर्षं त्याच्या पोटात शोधलं. जो पाहुणा घरी येई तो त्याच्या ताटातला एकेक पदार्थ उचलून नेई. कुणी म्हणालं वांगं सोड, त्यानं वांगं सोडलं. कुणी शेंगदाणे काढले, कुणी अंडी, कुणी दही, कुणी मसूर. चहा गेला तेव्हा आक्का रडली, कारण तिचाही गेला. त्याच्यासमोर ती एकटी कशी पिणार? लग्नाच्या पंगतीला बसला की वाढप्याची उलटतपासणी सुरू व्हायची. "आमटीत चिंच हाय का? आमसूल असंल तर वाढा, चिंच असंल तर पुढं जावा." आमसुलावर त्याची फार श्रद्धा. आमसुलाचं पाणी तो प्यायचा आणि आमसूल भिजवून अंगालाही चोळायचा. त्या लालसर अंगानं उन्हात उभा राहिला की मेंढरंसुद्धा थोडा वेळ ओळखायची नाहीत. सरतेशेवटी ताटात भाकरी आणि मीठ उरलं. मी म्हणालो, "पावनं, आता मीठ बी सोडा, म्हंजी निस्ती परात चाटाय मोकळं." तो गंभीरपणे म्हणाला, "मिठाचं बी एकानं सांगितलंय रं. इचार चाललाय."

दुसरं औषध घोंगडीचं. पित्त उठलं की माणसाला घोंगडीत गुंडाळायचं, ही आमच्याकडची जुनी रीत, आणि घोंगडी त्याच्या घरचीच, स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची, काळी, नारळाच्या काथ्यासारखी राठ. तिच्यात तो असा घासून घासून लोळायचा की बघणाऱ्याच्या अंगाला खाज सुटावी. घासताना बरं वाटायचं आणि घटकाभरानं दुप्पट उठायचं. आक्का म्हणायची, "बघा, घोंगडीनं सगळं पित्त भाईर वढून काढलं." गांध्या वाढल्या की औषध लागू पडलं, आणि गेल्या की औषधानं गेल्या. अशा औषधाला हरवणार कोण?

आणखी एक गोष्ट त्याला फार छळायची. पहाटे पाठ, मांड्या, दंड सगळं सुजून नकाशासारखं व्हायचं, पण एस.टी. धरून तो दवाखान्यात पोचेपर्यंत अंग कोरं. डॉक्टर सदरा वर करून बघायचे आणि त्याच्या तोंडाकडं बघायचे. "कुठंय?" "हितं हुतं." "आता?" "आता न्हाई." खोटं बोलायला न येणाऱ्या माणसाला खोटारडा ठरवायला याहून सोपी युक्ती देवालाही सुचली नसती. एका डॉक्टरनं त्याला मनाचा आजार आहे असं सांगितलं, तेव्हा तो परत येऊन मावशीशेजारी बसला आणि म्हणाला, "बया, मला खुळा ठरवलं."

आता बाजाराचं सांगतो. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातावर टॉवेल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरतात. जेवढी बोटं धरली तेवढा आकडा. भोवती गर्दी असते, पण टॉवेलाखालचं त्या दोघांनाच माहीत. सगळा व्यापार या पडद्यावर चालतो. माझ्या साडूच्या बाबतीत मात्र पडदा उघडा पडायचा. गिऱ्हाइकानं त्याची तीन बोटं आवळून धरली आणि हात सोडला, की थोड्या वेळात त्याच्या नेमक्या त्या तीन बोटांवर लाल, फुगीर वळ उठायचे. तो हात खाजवत उभा आणि पुढचा व्यापारी त्याच्या हाताकडं बघून हसत उभा. "काय पावनं, तिनावर गेलाय व्हय? मग मी साडेतीन कशाला देऊ?" मी त्याला ओरडायचो, "आवं, हात खिशात घाला की!" तर म्हणायचा, "खिशात घातला की लय खाजतंय." शेवटी त्यानं टॉवेल टाकणंच सोडलं. भर बाजारात मोठ्यानं भाव सांगायचा आणि सांगितलेल्या भावाला उभा राहायचा. व्यापाराची एवढी बेअब्रू मी उभ्या जन्मात पाहिली नाही. आम्ही सगळे त्यावर पोट धरून हसलो. बोटांवर वळ का उठतात हा प्रश्न मात्र, मी धरून, एकाही शहाण्याला पडला नाही.

पुढं पुढं हसण्यासारखं राहिलं नाही. गांध्या रोजच्या झाल्या. झोप गेली, अंगातलं बळ गेलं. कुणीतरी दिलेल्या पुड्या घेऊन तो काही महिने ठणठणीत झाला आणि त्याचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला; पुड्या सोडल्या तर गांध्या दामदुपटीनं परत. एकदा ओठ सुजून बोलता येईना, तेव्हा आक्का घाबरली. मेंढरांमागं चालता चालता तो मध्येच बांधाला पाठ घासायला थांबायचा, तेवढ्यात कळप पुढं जायचा, आणि मावशी मागं वळून त्याची वाट बघत उभी राहायची. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

तेवढ्यात इस्लामपुरात यंत्रवाला आला. भाड्याचा हॉल, टेबलावर डबा, डब्याला तारा आणि तारांना पितळी दांड्या. दांड्या हातात धरायच्या, मग डबा चूंऽऽ करून वाजायचा आणि यंत्रवाला पित्ताचं मूळ सांगायचा. मी त्या वेळी पाटणला होतो. असतो तर त्या डब्यासकट त्याला बाहेर काढला असता. यंत्रवाल्यानं आधी विचारलं, धंदा काय करता. खरं बोलणाऱ्या माणसानं खरं सांगितलं. मग डबा वाजला. यंत्रवाला म्हणाला, "मेंढी. तुमच्या पित्ताचं मूळ मेंढीत आहे. तिची लोकर, तिचं दूध, तिच्या अंगाचा धुरळा. मेंढी सोडा, नाहीतर एक दिवस श्वास बंद होईल." ओठ सुजलेले आक्कानं पाहिले होते. तिनं त्याला अडवलं नाही. आजवर सगळ्यांनी सांगितलेलं सगळं त्यानं सोडलं होतं, वांग्यापासून चहापर्यंत. सोडायची सवय लागलेल्या माणसानं हेही सोडलं.

मी परत आलो तेव्हा वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, गुंडाळून भिंतीला उभी केलेली होती. सगळा कळप त्यानं जतच्या पलीकडून आलेल्या एका अनोळखी व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. मी मेंढरांचा व्यापारी, त्याच्या घरचा माणूस, आणि मला शब्द नाही! माझं डोकं फुटायचं बाकी राहिलं. दारात उभा राहून मी ओरडलो, "मी मेलो हुतो काय? माझ्याकडं टाकली असती तर सांबाळली नसती? माझ्यापरीस तो परका जवळचा झाला व्हय?" तो पायरीवर बसून होता. उजव्या हाताच्या पाचही बोटांवर वळ होते. म्हणजे नुकताच, कैक वर्षांनी, त्यानं टॉवेल टाकून सौदा केला होता. भाव मोठ्यानं बोलायला तोंड उघडलं नसेल.

"तुझ्याकडं दिली असती तर मला रोज दिसली असती रं," तो म्हणाला. "परक्याकडं गेली म्हंजी गेली."

त्याच्याशी मी बोलणं टाकलं. आयुष्यभर सगळे त्याला फसवत आले आणि त्यानं फसवायला निवडलं ते मला. पण राग जागेवर बसत नव्हता, म्हणून तसाच इस्लामपूरला गेलो. हॉलमध्ये यंत्रवाल्याच्या जागी साड्यांचा सेल लागला होता. मी साडीवाल्यावरच तुटून पडलो. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मला काय म्हाईत न्हाई, तुमी साडी बघता का?" रागाच्या भरात घासाघीस करून मी एक साडी घेऊनच बाहेर पडलो. घरी बायको म्हणाली, रंग आक्काला शोभेल. मग सीमेपलीकडच्या कानडी मुलखात जाऊन त्या व्यापाऱ्याला गाठला. मेंढरं कुठायत, म्हणून विचारलं. "इल्ला री, न्हाईत," तो म्हणाला, "सगळी बाजारात गेली." मावशीचं वर्णन मी त्याला हातवारे करून सांगितलं. तो माझ्याकडं, वेड लागलेल्याकडं बघावं तसा, बघत राहिला. म्हाताऱ्या मेंढीचं बाजारात काय होतं हे मला शिकवायला नको. मी परत फिरलो आणि साडूला हे आजतागायत सांगितलेलं नाही.

मेंढरं गेली आणि गांध्या तशाच राहिल्या. एक महिना, दुसरा महिना. आक्काच शहाणी, तिनं पहाटे त्याच्या पाठीचे मोबाइलवर फोटो काढले, आणि माझ्या बायकोच्या हाती निरोप धाडला की, त्यांच्यावर रागवा पण त्यांना सांगलीला घेऊन जावा. मी घेऊन गेलो, वाटेत एक शब्द बोललो नाही. तिथल्या कातडीच्या डॉक्टर पोरगेल्या वयाच्या होत्या. त्यांनी आधी फोटो पाहिले आणि मान हलवली. अंग कोरं असूनही 'कुठंय' म्हणून विचारलं नाही, त्यातच माझ्या साडूचं अर्धं दुखणं उतरलं. मग त्यांनी पेनाच्या बोथट टोकानं त्याच्या पाठीवर एक रेघ ओढली आणि म्हणाल्या, "थोडं थांबू या." बघता बघता ती रेघ लाल झाली, फुगली, पाठीवर दोरी ठेवावी तशी वर आली. माझ्या तोंडून निघून गेलं, "आवं म्याडम, हे तर आमी दर बाजारी बघतुया. ह्यांच्या बोटांवर!"

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. याचा पोटातल्या पित्ताशी संबंध नाही, नाव तेवढं एक आहे. कातडीतल्या काही पेशी उगाचच खवळतात आणि खाज आणणारं एक द्रव्य सोडतात. दाबलं, घासलं तर जास्तच. इतका जुना आजार असेल तर बहुतेकांना बाहेरचं कारण सापडत नाही, खाण्याचं तर फार क्वचित. साडू म्हणाला, "म्हंजी चोर न्हाई, लांडगा न्हाई, पर कुत्रं वाऱ्याला भुकतंय."

"अगदी तसंच, बाबा."

"मग गोळी म्हंजी कुत्रं बांधायचं?"

"कुत्रं भुंकेल, पण तुमच्यापर्यंत आवाज येणार नाही. गोळी रोज घ्यायची. गांधी उठल्यावर नाही, उठू नये म्हणून. गरज लागली तर मी वाढवीन, तुम्ही मनानं वाढवायची नाही. पुड्या बंद. अंगदुखीच्या गोळ्या मला विचारल्याशिवाय नाहीत. आणि जीभ सुजली, श्वास अडकला, तर तडक दवाखाना. पुष्कळांचं हे काही वर्षांत आपोआप शांत होतं."

"वांगं?"

"खा."

"च्या?"

"प्या की."

मला पुढचा प्रश्न कळला आणि मी खिडकीकडं बघायला लागलो.

"आन मेंढरं?"

डॉक्टरांना काही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "घोंगडी राठ असते, घासली की उठणार. गोणपाट घासलं तरी उठेल. त्यात मेंढीचा काय दोष? का, मेंढरं आहेत तुमच्याकडं?"

"हुती."

"ती गेल्यावर गांध्या थांबल्या का?"

"न्हाई."

"मग झालं तर," त्या सहज म्हणाल्या आणि औषध लिहायला लागल्या. तो सदऱ्याची बटणं लावत होता. एक चुकलं, ते काढून परत लावलं, परत चुकलं. शेवटी मी लावून दिली. स्टँडवर मी दोन चहा घेतले. कित्येक वर्षांनी त्यानं चहाचा घोट घेतला, तोंडात धरला, गिळला आणि म्हणाला, "ग्वाड लय करत्यात आता." एवढंच. आमचं बोलणं तिथून परत सुरू झालं.

गोळी लागू पडली. डॉक्टरांनी एकदा वाढवली, मग बेतात आणली. आता त्याचं अंग लोण्यासारखं आहे, तो झोपतो, वांगं खातो, आक्काबरोबर चहा पितो, आणि मी नेऊन दिलेली सेलमधली साडी आक्का सणाला नेसते. मी म्हणालो, दहा-वीस मेंढरं देतो, परत उभं करा. तर म्हणाला, "मेंढरं तू देशील रं. पर त्यांनी मला वळकाय पायजे का नगो? तेवढं माझं वय ऱ्हायलंय?" घरात आता एकही मेंढरू नाही, पण दर आठवड्याला तो बाजाराला येतो. लोकांच्या कळपांतून हिंडतो, एखाद्या म्हाताऱ्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहतो आणि तिच्या तोंडाकडं निरखून बघतो. तो काय शोधतो ते मला माहीत आहे, म्हणून मी पलीकडं जाऊन कुणाशी तरी उगाच भांडण काढतो. परवा एका नव्या व्यापाऱ्याला वाटलं, गिऱ्हाईक आहे. त्यानं टॉवेल टाकला. साडूनं मुकाट हात आत घातला, बोटं धरू दिली, मान हलवली आणि हात काढून घेतला. मग माझ्याकडं आला आणि ती बोटं माझ्यासमोर पसरली. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. वेळ गेला, पण एकही वळ उठला नाही.

"बघ," तो म्हणाला, "आता माझा सौदा कुणाला दिसायचा न्हाई."

आणि सौदा करायला त्याच्याजवळ मेंढराचं शेपूटसुद्धा नव्हतं.

यंत्रवाल्या, तू आज कुठल्या गावात हॉल घेऊन बसला आहेस ते मला माहीत नाही. पण तुझं बोलणं ऐकून एका माणसानं टॉवेलाखाली हात घातला आणि सगळं देऊन टाकलं. त्या सौद्यात पहिली बोटं तू धरली होतीस. आमच्या बाजारात ज्यानं बोटं धरली त्याला पळून जाता येत नाही. कवठे महांकाळच्या बाजाराला ये. टॉवेल टाकू नकोस. सगळ्यांदेखत माझ्या साडूचा हात हातात घे आणि त्याला सांग, मावशी कुठं आहे.